रागाला नाव कोण देतं?

गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात निबंधाला शीर्षक कसे द्यावे, हे आम्ही शिकवत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "टीचर, निबंधात शब्द असतात, त्यातून नाव सुचतं. पण नुसता सतारीवर वाजवतात त्या रागाला नाव कुठून आणतात?" प्रश्न बिनतोड होता. "उद्या सांगतो," म्हणून आम्ही वेळ मारून नेली. घरी येऊन पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले. जे हाती लागले ते वर्गात सांगितले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

संगीत ऐकावे की नाही, याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. तो वाद इथे नको. आज बोलायचे आहे ते नावाबद्दल.

सर्वांत सोपी रीत म्हणजे ज्या रागांतून नवा राग घडला, त्यांचीच नावे जोडायची. बसंत आणि बहार मिळून बसंत-बहार. उस्ताद अली अकबर खाँ यांनी मालकंस, चंद्रकंस, नंदकंस आणि कौशी कानडा या चार रागांच्या छटा एकत्र केल्या आणि त्या नव्या रागाचे नाव ठेवले चंद्रनंदन. त्यात चंद्रकंस आणि नंदकंस सहज ओळखू येतात. काही घरांत आई-वडिलांच्या नावांतली अक्षरे घेऊन बाळाचे नाव ठेवतात, तसेच हे.

दुसरी रीत माणसाच्या नावाची. अकबराच्या दरबारातले तानसेन 'मियाँ' म्हणून ओळखले जात, म्हणून मियाँ की तोडी, मियाँ मल्हार. त्यांचे पुत्र बिलास खाँ यांच्या नावाने बिलासखानी तोडी आहे. वडिलांच्या मय्यतीपाशी शोकात त्यांनी ती गायिली, अशी आख्यायिका आहे. तिचे स्वर भैरवीचे, चाल मात्र तोडीची.

तिसरी रीत ऐकून वर्ग गप्प झाला. १९४८ साली गांधीजींची हत्या झाली, तेव्हा पंडित रविशंकर यांना आकाशवाणीवर तबल्याच्या साथीशिवाय काही वाजवायला सांगितले गेले. त्यांनी 'गांधी' या नावातूनच ग, नि आणि ध हे स्वर घेतले आणि त्यावर राग उभा केला. मोहनदास या नावातला 'मोहन' घेऊन त्याला म्हटले मोहनकंस. इथे नाव नुसते वर चिकटवलेले नाही. नावातूनच राग निघाला आहे.

या रविशंकरांचे आणि अली अकबर खाँ यांचे गुरू म्हणजे मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ. अली अकबर त्यांचे चिरंजीवही. संगीताच्या ओढीने बाबांनी घर सोडले. रामपूरच्या उस्ताद वजीर खाँ यांच्याकडे शिकण्यात त्यांची वर्षे गेली. या साऱ्या काळात त्यांच्या पत्नी मदिना बेगम यांच्या वाट्याला काय आले असेल, याची कल्पना आपल्या आया-बहिणींना देण्याची गरज नाही. पुढे बाबा मैहरच्या राजदरबारी मोठे झाले. त्यांनी नवे राग बांधले. त्यांतल्या एकाचे नाव मदनमंजरी. हे नाव त्यांनी पत्नीच्या नावावरून ठेवले. बाबा १९७२ साली अल्लाला प्यारे झाले, पण आजही कोणी तो राग वाजवायला बसला की आधी त्या बीबीच्या नावाचा उच्चार होतो.

हे सांगताना आम्हाला आमच्याच कपाटातल्या निकाहाच्या पत्रिका आठवल्या. वराचे नाव ठळक अक्षरांत. त्याच्या वडिलांचे, आजोबांचे, चाचा-मामूंचे नाव. वधूच्या जागी मात्र 'दुख्तरे नेक अख्तर', म्हणजे अमक्याची नशीबवान मुलगी. मुलगी कोण, हे पत्रिका वाचून कळतच नाही. लग्नानंतर ती अमक्याची बीवी होते आणि मूल झाले की तमक्याची अम्मी. पर्दा म्हणून असे करतात, असे म्हणतात. पण उम्महातुल मोमिनीनची नावे आपल्याला बालपणापासून पाठ असतात. कुरआन शरीफमधली एक संपूर्ण सूरह हजरत मरियम (अ.स.) यांच्या नावाने ओळखली जाते. खदिजा, आयेशा, मरियम ही नावे आपण मुलींना मोठ्या प्रेमाने ठेवतो आणि पत्रिका छापायची वेळ आली की झाकतो. हे कोणत्या शिकवणीत बसते?

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गाला 'आई' या विषयावर निबंध दिला. अट एकच, शीर्षकात आईचे नाव आले पाहिजे. एका मुलाने हात वर केला. "टीचर, घरी सगळे तिला भाभी नाहीतर अम्मीच म्हणतात. खरं नाव विचारून उद्या लिहिलं तर चालेल का?"

आम्ही म्हटले, चालेल.

दुसऱ्या दिवशी त्याची वही सर्वांत आधी टेबलावर आली. शीर्षक होते, 'माझी अम्मी रुखसाना'. आम्ही त्याखाली लाल शाईने 'छान' लिहिले. तुमच्या घरात यंदा निकाह असेल, तर पत्रिका छापखान्यात देण्याआधी ती एकदा मुलीच्या हातात द्या आणि तिचे नाव कुठे आहे ते तिलाच शोधू द्या.