विश्लेषण : वर्गातून व्हरांड्यात येताच वाय-फाय का तुटते? डहाणू-तलासरीच्या शाळा-महाविद्यालयांनी राउटर घेण्याआधी काय पाहावे?

समजा, तलासरी तालुक्यातील एका महाविद्यालयात एक विद्यार्थिनी ‘महाडीबीटी’वर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते आहे. संगणक कक्षात गर्दी झाली म्हणून ती मोबाइल हातात घेऊन ग्रंथालयाकडे निघते. दोन्ही इमारतींत वाय-फाय आहे, फोनवर रेषाही दिसत आहेत. पण ‘ओटीपी’ टाकेपर्यंत पान गोल गोल फिरत राहते आणि शेवटी ‘पुन्हा लॉगिन करा’ असा संदेश येतो. पाड्यावर रेंज नाही, म्हणूनच ती अर्ज भरण्यासाठी कॉलेज सुटल्यावरही थांबलेली असते. गावाकडे जाणारी शेवटची जीप गेली की अर्ज उद्यावर. अशा वेळी ‘नेट स्लो आहे’ म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला बोल लावला जातो. दोष मात्र अनेकदा संकुलाच्या आत, एका राउटरवरून दुसऱ्यावर जाताना होणाऱ्या गोंधळात असतो. या हस्तांतरालाच वाय-फायच्या भाषेत ‘रोमिंग’ म्हणतात.

निर्णय कोण घेते, नेटवर्क की फोन?

डहाणू रोडहून लोकलने पालघरकडे जाताना फोनवर बोलत राहिले, तर वाटेत अनेक टॉवर बदलतात आणि एरवी ते कळतही नाही. मोबाइल नेटवर्कमध्ये बोलणे सुरू असताना फोन आजूबाजूच्या टॉवरची मोजमापे पाठवतो आणि कोणत्या टॉवरवर जायचे, हे नेटवर्क ठरवते. वाय-फायमध्ये नेमके उलटे आहे. तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे भिंतीवर किंवा छताला लावलेली ती पांढरी डबी, फार तर सुचवू शकते. सोडायचे की धरून ठेवायचे, हे फोनच ठरवतो आणि प्रत्येक कंपनीच्या फोनचा स्वभाव वेगळा असतो.

अ‍ॅपलने आपल्या उपकरणांचा नियम जाहीर केला आहे. आयफोनला मिळणारा सिग्नल उणे ७० डीबीएमपर्यंत उतरला की तो दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधू लागतो. माहितीची देवाणघेवाण सुरू असेल, तर नवा सिग्नल जुन्यापेक्षा ८ डेसिबलने सरस असावा लागतो आणि फोन निवांत असेल तर १२ डेसिबलने. अँड्रॉइडमध्ये हे आकडे फोनगणिक बदलतात. त्यामुळे संकुलाचे नेटवर्क आखणाऱ्याच्या हाती उरते ते एवढेच : फोनला योग्य जागी योग्य निर्णय घ्यावासा वाटेल, अशी मांडणी करायची.

मग राउटरची ताकद वाढवली तर?

सर्वाधिक होणारी चूक हीच. तक्रार आली की अ‍ॅक्सेस पॉइंटची शक्ती पूर्ण वाढवली जाते. त्याचा आवाज मोठा होतो, फोनचा मात्र तेवढाच राहतो. परिणामी ग्रंथालयात बसलेल्या फोनला प्रयोगशाळेचा सिग्नल ‘पुरेसा’ वाटतो आणि तो तिथेच चिकटून राहतो. त्याने पाठवलेला अर्ज, फोटो, उत्तर मात्र प्रयोगशाळेपर्यंत धड पोहोचत नाही. रेषा दिसतात, पान हलत नाही, याचे कारण हे. ग्रामसभेत लाऊडस्पीकरवरून बोलणारा सर्वांना ऐकू येतो, पण मागच्या रांगेतल्या आजीचा प्रश्न त्याला ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार.

शिवाय असा दूरचा, कमकुवत दुव्यावरचा फोन फक्त स्वतःचे नुकसान करत नाही. हवेतला वेळ सर्वांचा सामाईक असतो. एक एमबीपीएसने रडतखडत बोलणारे उपकरण तोच मजकूर पाठवायला इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते आणि अख्खा वर्ग खोळंबतो. म्हणून जाणकार १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने वेग बंद करतात आणि किमान वेग १२ एमबीपीएसच्या आसपास ठेवतात. जुनाट उपकरणे अडतील का, हे मात्र आधी तपासावे लागते.

आवाजाच्या आणि व्हिडीओच्या कॉलसाठी रूढ संकेत असा : प्रत्येक जागी किमान उणे ६७ डीबीएमचा सिग्नल हवा, आणि शेजारच्या दोन अ‍ॅक्सेस पॉइंटची क्षेत्रे १५ ते २० टक्के एकमेकांवर चढलेली हवीत. चढ कमी असेल तर फोनला पुढचा आधार मिळण्याआधी मागचा सुटतो. जास्त असेल तर एकाच वाहिनीवर दोघे एकमेकांचे बोलणे अडवतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये परस्परांना न अडवणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. तीन मजली वसतिगृहात दहा डब्या याच पट्ट्यावर पूर्ण ताकदीने लावणे म्हणजे गोंगाट विकत घेणे. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले आहेत.

डब्या कुठे लावतात, तेही पाहण्यासारखे असते. वायर ओढायला सोपे म्हणून सगळ्या व्हरांड्यात, एका रांगेत. व्हरांड्यातून चालणाऱ्या फोनला मग सगळ्याच सारख्या जवळच्या वाटतात आणि विद्यार्थी जिथे बसतात त्या खोल्यांत सिग्नल विटांच्या भिंतीतून गाळून पोहोचतो. डबी खोलीत हवी.

एक रुपयाही न लागणारी दुरुस्ती कोणती?

लहान शाळांमध्ये नेटवर्क एकदम उभे राहत नाही, ते साठत जाते. एक राउटर कार्यालयाचा, एक कुणी देणगी दिलेला, एक संगणकासोबत आलेला. प्रत्येकाचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. नाव वेगळे असले की फोनच्या दृष्टीने ती वेगवेगळी नेटवर्क असतात आणि पहिले पूर्ण सुटल्याशिवाय तो दुसऱ्याकडे सहसा वळत नाही. नाव सारखे केले तरी प्रत्येक राउटर स्वतःच आयपी पत्ता वाटत असेल, तर दारातून बाहेर पडताच फोनचा पत्ता बदलतो आणि अर्धा भरलेला अर्ज, सुरू असलेला व्हिडीओ कॉल तुटतो. सुरुवातीच्या प्रसंगातील विद्यार्थिनीच्या वाट्याला हेच येते.

उपाय राउटरच्या सेटिंगमध्येच असतो. पत्ते वाटण्याचे काम एकाच यंत्राकडे ठेवायचे, बाकीच्यांना ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाकायचे. नाव, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड सगळीकडे एक. सोबत नावेही कमी करावीत. प्रत्येक नावासाठी प्रत्येक डबी सेकंदाला सुमारे १० वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी देते. प्राचार्य, कर्मचारी, पाहुणे, परीक्षा विभाग अशी सहा नावे ठेवली की हवा हाळ्यांनीच भरते. हे काम एका शनिवारी दुपारी होण्यासारखे आहे. ते होत नाही, कारण ते कुणाच्याच कामाच्या यादीत नसते.

डहाणू-तलासरीत वेगळे काय?

इथली संकुले पसरलेली आहेत. आश्रमशाळेत वर्ग, वसतिगृह, भोजनगृह आणि शिक्षकांची निवासस्थाने वेगवेगळी असतात, मध्ये मैदान आणि झाडी. डहाणू प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतील अशा शाळांमध्ये मुले दिवसरात्र राहतात, म्हणजे नेटवर्कही चोवीस तासांचे लागते. चिकूची झाडे बारमाही हिरवी असतात आणि ओल्या पानांत रेडिओलहरी जिरतात, ५ गिगाहर्ट्झच्या तर अधिकच. उन्हाळ्यात घेतलेले मोजमाप म्हणून पावसाळ्यात खोटे ठरू शकते. पत्र्याचे छप्पर लहरी परतवते, ते निराळेच.

याच जिल्ह्यात आयआयटी मुंबईतील प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पात दूरचित्रवाणीच्या न वापरल्या गेलेल्या यूएचएफ लहरींवरून खामलोली परिसरातील पाड्यांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवले. कमी वारंवारितेच्या या लहरी झाडाझुडपांतून बऱ्या जातात. तरीही पाड्यावर पोहोचल्यावर शेवटचा टप्पा वाय-फायचाच होता. गावापर्यंत फायबर आले, पंचायतीपर्यंत ‘भारतनेट’ आले, तरी शेवटचे शंभर मीटर कुणीतरी नीट आखावेच लागतात.

तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढच्या इमारतीला फायबर न्यावी. वळवाच्या विजांचा विचार करता इमारती-इमारतींमध्ये फायबरच बरी, कारण तिच्यातून विजेचा झटका पलीकडच्या यंत्रांपर्यंत जात नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज त्याच नेटवर्क केबलमधून देता येते, म्हणून एका स्विचला यूपीएस लावले की सगळ्या डब्या तगतात. नाहीतर वीज जाते-येते तेव्हा निम्म्या डब्या बंद, निम्म्या सुरू, आणि सगळे फोन उरलेल्यांवर तुटून पडतात.

आणि मैदान. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांनी भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सोसली, लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या. या पट्ट्यात धक्का जाणवला की शाळा मैदानात येते. त्याच वेळी घरी निरोप पाठवायचा असतो आणि त्याच वेळी सगळे फोन भिंतीआडच्या क्षीण सिग्नलला लोंबकळत असतात. मैदानाकडे तोंड केलेला, पावसात टिकणारा एक अ‍ॅक्सेस पॉइंट इथे चैनीची वस्तू मानता येणार नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. नेटवर्कला निदान मैदानापर्यंत यायला हरकत नसावी.

८०२.११ ‘आर’, ‘के’, ‘व्ही’ घ्यावेच लागतात का?

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ही अक्षरे हमखास असतात. ‘के’ फोनला शेजारच्या डब्यांची यादी देते, ‘व्ही’ ‘तिकडे जा’ असे सुचवते आणि ‘आर’ ओळख पटवण्याचा वेळ वाचवते. जिथे प्रत्येकाला स्वतंत्र नाव-पासवर्ड असतो, तिथे प्रत्येक हस्तांतरात मुख्य सर्व्हरकडे विचारणा होऊन कित्येकशे मिलिसेकंद जाऊ शकतात. ‘आर’मुळे ते ५० मिलिसेकंदांच्या आत येऊ शकते. एकच पासवर्ड असलेल्या लहान शाळेत मात्र हस्तांतर मुळातच झटपट होते. तिथे ‘आर’साठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. काही जुन्या टॅबना तर ‘आर’ सुरू असलेल्या नेटवर्कला जोडताच येत नाही.

मोठ्या महाविद्यालयांचा प्रश्न निराळा. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात सुरू झालेल्या ‘एज्युरोम’मध्ये एका संस्थेच्या ओळखीवर दुसऱ्या संस्थेचे वाय-फाय वापरता येते. भारतात ते ‘अर्नेट इंडिया’मार्फत चालते. अशा व्यवस्थेत जायचे असेल तर स्वतंत्र ओळख हवी आणि मग ‘आर’ही हवे.

निविदेत काय लिहायला हवे?

निविदांचे प्रचलित रूप ‘अमुक इतके राउटर, तमुक इतकी केबल’ असे असते. नग मोजून ताब्यात घेतले की काम पूर्ण. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात अ‍ॅलेक्स हिल्स यांनी १९९३ च्या सुमारास ‘वायरलेस अँड्र्यू’ हे संकुलव्यापी नेटवर्क उभारायला घेतले, तेव्हाही प्रत्यक्ष जागेवर फिरून सिग्नल मोजणे हा आखणीचा गाभा होता. तीस वर्षांनंतर आपल्याकडे ते मोजणे ‘ऐच्छिक’ ठेवणे न परवडणारे आहे, कारण चुकीच्या जागी लावलेली डबी पुढची अनेक वर्षे तिथेच राहते.

चाचणी अवघड नाही. विद्यार्थ्यांकडे असतात तसे स्वस्तातले दोन अँड्रॉइड फोन घ्यावेत, त्यांतील सिम काढून ठेवावे. दोन्हींवर व्हिडीओ कॉल लावून एकाने कार्यालयात बसावे, दुसऱ्याने वर्ग, व्हरांडा, भोजनगृह, वसतिगृह, मैदान असे नेहमीच्या चालीने फिरावे. कॉल कुठे अडखळला, त्या जागेवर खडूने खूण करावी. हीच फेरी एकदा मुले वर्गात असताना आणि एकदा जुलैत, पाऊस पडत असताना करावी. ठेकेदाराच्या शेवटच्या हप्त्याची तारीख या दुसऱ्या फेरीनंतरची असावी.