संगणकाचीही निगा राखा



पावसाळ्यापूर्वी आपण बांधबंदिस्ती करतो, इंजिनाचे तेल बदलतो, फवारणी पंपाचे नोझल धुऊन ठेवतो. आता पुष्कळ घरांत संगणकही आला आहे. दुधाचा हिशेब, बचत गटाचे खाते, निर्यातीच्या द्राक्षांवरील फवारण्यांच्या नोंदी त्यातच असतात. त्या गेल्या तर वर्षाची मेहनत अडचणीत येते. म्हणून या यंत्राचीही निगा हवी.

संगणकात काही प्रोग्राम आपले काम करतात. हिशेब मांडतात, पत्र लिहितात. दुसरे खुद्द संगणकाचीच देखभाल करतात. त्यांना युटिलिटी सॉफ्टवेअर म्हणतात. यातले बरेचसे विंडोजबरोबरच येतात, वेगळे विकत घ्यावे लागत नाहीत.

साफसफाई : संगणक चालताना तात्पुरत्या फाइली तयार होतात व काम संपल्यावरही धसकटांसारख्या पडून राहतात. डिस्क भरत आली की यंत्र मंदावते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ व त्यात ‘स्टोरेज’ उघडा. ‘टेंपररी फाइल्स’च्या यादीत नको त्यापुढे खूण करून काढून टाका. मात्र याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असते. उतरवून घेतलेला सातबारा, पीक विम्याची पावती बहुधा तेथेच असते. न पाहता तिथे खूण करू नका. खुरपताना तणाबरोबर रोप उपटले जाऊ नये.

तुकडेजोड : जमीन पाच ठिकाणी विखुरली की औत नेण्या-आणण्यातच वेळ जातो. म्हणून तर १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्येही असेच होते. एकच फाइल जागा मिळेल तिथे तुकड्यातुकड्यांनी लिहिली जाते व ती वाचायला वेळ लागतो. ‘डीफ्रॅगमेंट’ हा प्रोग्राम ते तुकडे शेजारी आणतो. नव्या संगणकात एसएसडी असते. तिच्यात फिरणारा भागच नाही, त्यामुळे तुकडे विखुरले तरी फारसे बिघडत नाही. उलट वारंवार लिहिण्याने ती झिजते. डिस्क कोणती ते ओळखून विंडोज योग्य ते काम ठरावीक वेळी आपोआप करते. एसएसडीसाठी बाहेरचा डीफ्रॅगमेंट प्रोग्राम आणू नका.

कीड : मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामही अडले. तिला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. ती न घेतलेले संगणक सापडले. तेव्हा ‘अपडेट’ टाळू नका. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमच्याकडे ते असल्यास जाणकाराचा सल्ला घ्या. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ हा विषाणूरोधक प्रोग्राम असतोच. तो चालू आहे ना, हे ‘विंडोज सिक्युरिटी’त पाहा. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी पडद्यावर आली तर फोन करू नका, पैसे भरू नका. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

राखीव बी : डिस्क कधी ना कधी बंद पडतेच, आणि ती आधी सूचना देईलच असे नाही. शहाणा शेतकरी सगळे बी एकाच कणगीत ठेवीत नाही. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. विंडोजचा ‘फाइल हिस्टरी’ प्रोग्राम हे काम करतो. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर वॉनाक्रायसारखी कीड तीही कुलूपबंद करील. आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

वेळापत्रक सोपे आहे. आठवड्याला प्रत घ्यावी, महिन्याला साफसफाई करावी, अपडेट आले की लगेच घ्यावे. आणि दर सहा महिन्यांनी राखीव प्रतीतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. घरचे बी पेरण्यापूर्वी आपण त्याची उगवण तपासतो, तशीच ही तपासणी समजा.