शिंपल्यांचा हिशेब कोण देणार?

पेडगावचा माणूस म्हटलं की समोरचा गालात हसतो. त्याला 'वेड पांघरून पेडगावला' ही म्हण आठवते. म्हणीतलं पेडगाव श्रीगोंद्याकडचं, भीमेकाठचं. आमचं हे परभणीजवळचं. पण हे सांगून सांगून मी थकलो, आता मीही हसून घेतो. परवा एका लग्नात जेवणं झाल्यावर मांडवात जो वाद रंगला, तो ऐकून मात्र वाटलं की ही म्हण आता दुसऱ्याच मंडळींना लावायला हवी.

वाद अणुवीजेचा होता. एक बाजू म्हणत होती, धूर नाही, कोळसा नाही, याहून स्वच्छ वीज कुठली? दुसरी बाजू चेर्नोबिल आणि फुकुशिमा यांच्या खाली उतरायला तयार नव्हती. माझा एक जुना विद्यार्थी कोपऱ्यात गप्प बसला होता. समुद्रकाठच्या एका वीजकेंद्रात त्याने बरीच वर्षं काढली आहेत. मी त्याला विचारलं, "तुझं काय मत?" तो म्हणाला, "गुरुजी, आमची झोप किरणांनी नाही, शिंपल्यांनी उडवली होती." दोन्ही बाजू हसल्या आणि विषय बदलला.

मला मात्र हसू आलं नाही. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर, अणुशास्त्र मला कळत नाही. पण बंब कळतो. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने बंबाला आतून क्षारांचं पांढरं कवच चढतं. मग तेवढंच पाणी तापवायला लाकडं जास्त लागतात. वीजकेंद्रात नेमकं हेच होतं, फक्त उलट्या दिशेने. तिथे पाणी तापवायचं नसतं, वाफ थंड करायची असते. टर्बाइन फिरवून आलेली वाफ हजारो बारीक नळ्यांवरून जाते, नळ्यांतून समुद्राचं पाणी वाहतं आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली दोन तृतीयांश या नळ्यांमधून समुद्रात जाते.

आता समुद्राचं पाणी म्हणजे काही नळाचं पाणी नव्हे. ते जिवंत असतं. पाइपात पाणी खेळू लागलं की काही तासांत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसू लागतो. त्याच्यावर शिंपल्यांची आणि बार्नॅकलची (खडकाला चिकटलेली ती पांढरी, टोकदार, पायाला कापणारी कवचं) डोळ्यांना न दिसणारी पिल्लं येऊन चिकटतात. त्यांच्या दृष्टीने पाइप म्हणजे स्वर्गच! सावली आहे, शत्रू कमी आहेत आणि वाहत्या पाण्याबरोबर ताट समोर येतं आहे. कोकणात ज्याला शिनाणे म्हणतात, त्या हिरव्या शिंपल्याने तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या केंद्राला इतकं छळलं आहे की त्याचा तिथे वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे. तिथलं पाणी समुद्राच्या तळाखालच्या सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून येतं. त्या बोगद्याच्या भिंतींवर हे बिऱ्हाड थाटतात.

कुणी म्हणेल, चार शिंपल्यांचं काय घेऊन बसलात? तर ऐका. सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्यातल्या अणुकेंद्रात गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांनी सुरक्षेसाठीच्या थंड पाण्याची वाट अडवली. अपघाताच्या वेळी लागणारं पाणीच पुरेसं वाहत नव्हतं! तिथल्या नियामक आयोगाने १९८१ मध्ये बाकीच्या केंद्रांनाही विचारलं, तुमच्याकडे काय परिस्थिती आहे, लेखी कळवा. स्कॉटलंडमधल्या टॉर्नेस केंद्राच्या दोन्ही अणुभट्ट्या जून २०११ मध्ये जेलीफिशमुळे बंद कराव्या लागल्या. फ्रान्समधल्या ग्राव्हलिनच्या चार अणुभट्ट्या ऑगस्ट २०२५ मध्ये जेलीफिशमुळेच आपोआप बंद पडल्या. म्हणजे विषय हसण्यावारी नेण्याचा नाही.

उपाय आहेत. तोंडाशी जाळ्या आणि फिरत्या चाळण्या. नळ्यांपेक्षा किंचित मोठे रबरी स्पंजाचे गोळे पाण्याबरोबर सोडायचे, ते नळी आतून पुसत पुढे जातात. आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे क्लोरीन. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज सोडून ते तिथेच तयार करता येतं. पण शिंपलाही काही कमी नाही. पाण्यात क्लोरीन आलं की तो कवच मिटून घेतो आणि दिवसचे दिवस तसाच बसतो. म्हणून एकदाच भरपूर टाकून भागत नाही, थोडं थोडं सतत द्यावं लागतं.

आणि इथेच वेड पांघरलं जातं. 'स्वच्छ वीज' म्हणणारे हे सांगत नाहीत की त्या स्वच्छतेसाठी समुद्रात क्लोरीन आणि गरम पाणी सोडावं लागतं. किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांनी घेतलेल्या पाण्यापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम पाणी सोडू नये, असा नियम आपल्याकडे आहे. नियम करावा लागला, याचाच अर्थ त्रास खरा आहे. शिंपल्याच्या पिल्लाला मारणारं क्लोरीन माशाच्या अंड्याला ओळखून वगळत नाही.

दुसऱ्या बाजूचंही तेच. 'समुद्रात विष कालवतात' अशी आरोळी ठोकणाऱ्यांच्या गावातल्या विहिरीत ब्लीचिंग पावडर पडतेच की! पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं आपलं भारतीय मानकच सांगतं. प्रश्न क्लोरीन आहे की नाही हा नाहीच. किती आहे, किती वेळ आहे आणि कुठवर पोचतं, हा आहे. आकडा न विचारता केलेली आरडाओरड केंद्रवाल्यांच्या सोयीचीच असते. तिला उत्तर द्यावं लागत नाही, पोलीस बोलावले की भागतं.

माझी मागणी साधी आहे. तारापूरचं केंद्र १९६९ पासून अरबी समुद्राचं पाणी घेत आहे. जैतापूरला प्रत्येकी १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे. तिथे जेवढी वीज निर्माण होईल, तिच्या दीडपटीहून जास्त उष्णता समुद्रात जाईल. अशा प्रत्येक ठिकाणी बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान आणि त्यातलं उरलेलं क्लोरीन हे दोन आकडे रोजच्या रोज, मराठीत, जवळच्या ग्रामपंचायतीच्या आणि मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. वर्षातून किती वेळा नळ्या साफ केल्या, तेही लागलं पाहिजे. शाळेत आम्ही रोजची हजेरी फळ्यावर लिहीत होतो, त्याने शाळा बुडाली नाही.

"हे तांत्रिक आहे, कोळ्यांना काय कळणार?" असं कुणी म्हणेल. शिनाणे कोणत्या महिन्यात कुठल्या खडकावर धरतात, हे ज्याला कळतं, त्याला दोन आकडे कळत नाहीत? उलट पाइपात काय वाढणार, हे तोच आधी सांगेल.

घाई का, तर अणुवीजेचं क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं करणारा शांती कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केला. खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री कुठे लागते, ते आपण घराघरात पाहतो. रंगरंगोटीला नाही, गटार साफ करण्याला लागते. उद्घाटनाला मंत्री येतात, नळी घासायला कोण येतं?

समुद्रापासून इतक्या लांब बसून या मास्तराला काय करायचंय, असंही कुणी विचारेल. तर आमच्या शेजारचं परळीचं औष्णिक केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद पडलं होतं. कोळशाचं असो की अणूचं, वीजकेंद्र शेवटी पाण्यावर चालतं, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको.

असो. म्हण आमच्या गावाच्या नावाला चिकटली ती काही आता सुटायची नाही. पण लग्नात भेटलेल्या त्या दोन्ही बाजूंना सांगणं एवढंच, की पेडगावला यायचं तर जरूर या, चहा पाजीन. येताना फक्त ते पांघरलेलं वेड घरी ठेवा आणि दोन आकडे घेऊन या.