भरले त्याचे काय?

ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांच्या २६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पावरून तिकडे जे रण माजले ते करवाढीचे. त्या गदारोळात एक बारीक तरतूद आपल्याकडे कोणाच्या नजरेस पडली नाही. पडणार तरी कशी? या विषयाला दिल्लीत वालीच नाही. ब्रिटनबाहेर राहून तिथल्या सरकारी पेन्शनसाठी स्वेच्छेने वर्गणी भरण्याची जी स्वस्त सोय होती, ती ६ एप्रिल २०२६ पासून बंद. महागडी सोय तेवढी राहिली. पण तिच्यासाठी पात्र ठरायला पूर्वी ब्रिटनमध्ये तीन वर्षे काढलेली पुरत, आता दहा लागतात. पाच-सात वर्षे तिथे राबून घरी परतलेल्या भारतीयाला याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. भरले ते गेले.

‘नॅशनल इन्शुरन्स’ ही वर्गणी पगारातून कापली जाते तेव्हा ‘तुम्ही इथे म्हातारे होणार आहात का’ असे कोणी विचारत नाही. ती सक्तीची आहे. भारतीय परिचारिकेकडूनही ती घेतली जाते आणि मालक आपला हिस्सा वेगळा भरतो. २०१६ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नव्या पेन्शनचा नियम असा, की पूर्ण रकमेसाठी ३५ वर्षांची वर्गणी हवी आणि काहीही मिळायचे तर किमान दहा वर्षांची. नऊ वर्षे भरली तर शून्य. व्याज सोडा, मुद्दलही परत नाही. जपानसारखा देश अल्पकाळ काम करून मायदेशी जाणाऱ्या परकीयाला भरलेल्यातला काही भाग एकरकमी परत देतो. ब्रिटनच्या कायद्यात तेवढीही लाज नाही.

समजा, मिरजेची एक परिचारिका लेस्टरच्या रुग्णालयात सहा वर्षे रात्रपाळ्या करून आईच्या आजारपणासाठी २०२५ मध्ये परत आली. तेव्हाच्या नियमाने इथे नोकरी करत राहून ती आठवड्याला साडेतीन पौंड, म्हणजे वर्षाला १८२ पौंड भरून राहिलेली चार वर्षे पुरी करू शकली असती. एकूण ७२८ पौंड. त्यावर सदुसष्टाव्या-अडुसष्टाव्या वर्षापासून तिला २०२५-२६ च्या दराने आठवड्याला ६५ पौंडांच्या आसपास रक्कम मरेपर्यंत मिळाली असती. आता तिच्यासाठी १८२ पौंडांची वाट बंद झाली आणि वर्षाला ९२३ पौंडांची महागडी वाटही बंद झाली, कारण तिची वर्षे सहाच. तिच्या सहा वर्षांच्या कपातीतून ब्रिटनमधल्या म्हाताऱ्यांचे पेन्शन भागले, तिच्या म्हातारपणाशी मात्र त्या देशाचा संबंध उरला नाही.

ब्रिटिश सरकारचे म्हणणे असे, की तुटपुंज्या वास्तव्यावर नाममात्र पैसे भरून लोक आयुष्यभराचे पेन्शन पदरात पाडून घेत होते. वरचा हिशेब पाहता दर फार स्वस्त होता हे खरेच. मग दर वाढवायचा! दर वाढवणे वेगळे आणि सहा वर्षे भरलेल्या माणसाला दारातही उभे न करणे वेगळे. शिवाय याच सरकारने कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षे थांबायला लावण्याचा प्रस्ताव पुढे केला. म्हणजे दहा वर्षे सुखाने राहू द्यायचे नाही आणि दहा वर्षे राहिला नाहीत म्हणून पेन्शनही द्यायचे नाही.

बरे, ज्यांनी दहा काय, तीस वर्षे भरली त्यांचे तरी काय भले झाले? त्याच अर्थसंकल्पात ब्रिटनमधल्या पेन्शनरांना एप्रिल २०२६ पासून ४.८ टक्के वाढ मिळाली. महागाई, सरासरी वेतनवाढ किंवा अडीच टक्के यांत जे जास्त असेल तेवढी वाढ दरवर्षी द्यायची, असे तिथले पक्के धोरण आहे आणि त्याला हात लावायची कोणत्याच पक्षाची छाती नाही. ही वाढ भारतात राहणाऱ्याला मात्र मिळत नाही. पेन्शन ज्या दिवशी सुरू झाले त्या दिवशीचा आकडा, किंवा पेन्शनर भारतात राहायला आला त्या दिवशीचा आकडा, तोच शेवटपर्यंत. सन २००० मध्ये जुन्या योजनेतले पूर्ण मूळ पेन्शन आठवड्याला ६७.५० पौंड होते. २०२५-२६ मध्ये ते १७६.४५ पौंड होते. त्या वर्षी निवृत्त होऊन पुण्यात परतलेल्या डॉक्टरच्या खात्यात आजही ६७.५० च्याच हिशेबाने पैसे येतात. गंमत म्हणजे हाच डॉक्टर नातवंडांना भेटायला लंडनला गेला तर तेवढ्या मुक्कामापुरते त्याला आजच्या दराने पेन्शन मिळू शकते. विमान मुंबईला उतरले की पुन्हा सन २००० चा दर. माणूस तोच, त्याने भरलेली वर्गणी तीच.

परदेशात पैसे पाठवण्याची काही अडचण असेल, असे कोणाला वाटू नये. अमेरिकेत राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरला वाढ मिळते. फिलिपिन्समध्ये मिळते. मॉरिशस, जमैका, बार्बाडोस, तुर्कस्तान, इस्रायल, सगळीकडे मिळते. भारतात नाही, पाकिस्तान-बांगलादेशात नाही, ऑस्ट्रेलिया-कॅनडातही नाही. पुण्यातल्या त्या डॉक्टरला सरकारी आरोग्यसेवेचे, ‘एनएचएस’चे, वेगळे पेन्शन असेल तर ते पुण्यातही दरवर्षी वाढते! एकाच सरकारची दोन पेन्शने एकाच पत्त्यावर येतात, त्यातले एक वाढते आणि दुसरे गोठते. ही अडचण संगणकाची नाही, नियतीची तर नाहीच. ज्या देशाशी करार आहे तिथेच वाढ, एवढाच नियम. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अ‍ॅनेट कार्सन यांनी या भेदभावाविरुद्ध थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत लढा दिला आणि २०१० मध्ये त्या हरल्या. न्यायालयाने हात झटकले म्हणजे प्रश्न उरला तो दोन सरकारांमधल्या कराराचा.

गोव्यातल्या वाचकांना तर हे अधिक बोचेल. पोर्तुगीज पासपोर्टावर स्विंडनला, साउथॉलला जाऊन कारखान्यांत, गोदामांत, विमानतळांवर राबलेली गोवेकरांची एक पिढी आता पेन्शनच्या उंबरठ्यावर येऊ लागली आहे. ब्रेग्झिटनंतर ब्रिटनने युरोपीय संघाशी जो करार केला त्यात तिथे राहणाऱ्या पेन्शनरांची वार्षिक वाढ शाबूत ठेवली. तेव्हा हाच गोवेकर म्हातारपणी लिस्बनला जाऊन राहिला तर त्याचे पेन्शन दरवर्षी वाढेल, आणि मडगावला आपल्या घरी आला तर गोठेल. युरोपने आपल्या लोकांसाठी मागितले, मिळवले. भारताने?

भारताने मागितले ते कंपन्यांसाठी. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये मोदी आणि ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर यांच्या साक्षीने मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या तेव्हा दुहेरी वर्गणीतून सुटका करणाऱ्या समझोत्याचा केवढा गाजावाजा झाला! भारतीय कंपनीने तात्पुरते ब्रिटनला धाडलेल्या कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कंपनीला तीन वर्षे तिथली वर्गणी भरावी लागणार नाही, असे तेव्हा ठरले. ७५ हजार कर्मचारी, ९०० कंपन्या आणि चार हजार कोटींहून अधिक बचत, असे आकडे सरकारनेच दिले. चांगली गोष्ट आहे, तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण ही सवलत कोणाला, हेही पाहावे. हिंजवडीतून सहा महिन्यांच्या, वर्षाच्या कामगिरीवर जाणाऱ्या अभियंत्याला आणि त्याच्या कंपनीला. ब्रिटिश रुग्णालयाने थेट नेमलेल्या परिचारिकेला काही नाही. वृद्धाश्रमात शुश्रूषा करणाऱ्या काळजीवाहकाला काही नाही. हयातभर भरून परत आलेल्या म्हाताऱ्याला तर नाहीच नाही. पुढे भरावे लागू नये म्हणून दिल्लीने घासाघीस केली. आधीच भरले आहे ते परत मिळावे म्हणून केली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार्मर शंभराहून अधिक उद्योजक, शिक्षणतज्ज्ञ आणि मान्यवरांचा ताफा घेऊन मुंबईत आले. यशराज स्टुडिओत फेरफटका झाला, हिंदी चित्रपट ब्रिटनमध्ये चित्रित होण्याच्या घोषणा झाल्या, फुटबॉलच्या मैदानावरची छायाचित्रे झळकली. स्कॉच व्हिस्कीवरचे आयात शुल्क किती टप्प्यांत उतरणार, हे कराराच्या मसुद्यात टक्क्यांसह लिहिलेले आहे. ज्या मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर साठ-सत्तरच्या दशकांत गेले आणि तिथली छोट्या गावांतली रुग्णालये त्यांनी चालवली, त्याच मुंबईत पाहुणा दोन दिवस होता. गोठलेल्या पेन्शनचा शब्द जाहीरपणे कोणी काढला नाही.

अमेरिकेची कथा निराळी नाही. तिथे सामाजिक सुरक्षेची वर्गणी पगाराच्या ६.२ टक्के, तेवढीच मालकाची, आणि पेन्शनचा हक्क सांगायला ४० गुण, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम. एच-वन-बी व्हिसाची सर्वसाधारण मुदत मात्र सहा वर्षे! ग्रीन कार्डाच्या रांगेत नसलेल्याने सहा वर्षे भरायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे, अशी व्यवस्थाच कायद्यात करून ठेवली आहे. दोन्ही देशांतली वर्षे जोडून हक्क ठरवण्याचा करार अमेरिकेने अनेक देशांशी केला आहे, भारताशी नाही. भारतातर्फे ही मागणी कित्येक वर्षे दर बैठकीत मांडली जाते आणि संयुक्त निवेदनात एका वाक्याची धनी होते. जर्मनी, फ्रान्स, जपान अशा देशांशी भारताने सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत, म्हणजे आपल्या अधिकाऱ्यांना ते करता येत नाहीत असे नव्हे. जिथे आपली माणसे सर्वाधिक कमावतात आणि सर्वाधिक भरतात तिथेच नेमके घोडे अडते.

याचे एक कारण अवघड जागी आहे. दुसऱ्या देशाला ‘पेन्शन महागाईनुसार वाढवा’ असे सांगायला तोंड लागते. आपल्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरले आणि पुढची दहा वर्षे ते एक हजारच राहिले. त्याला महागाई भत्ता नाही. कारखान्यांत, एसटीत, सहकारी संस्थांत आयुष्य घालवलेली माणसे त्यासाठी बुलडाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण करत आली. लंडनने पुण्यातल्या डॉक्टरचे पेन्शन गोठवले, दिल्लीने बुलडाण्यातल्या कामगाराचे. भारतात काम करणाऱ्या परकीयांचे भविष्य निर्वाह निधीचे पैसेही, त्यांच्या देशाशी करार नसेल तर, आपण अठ्ठावन्न वर्षांपर्यंत अडकवून ठेवतोच की! समोरचा वाटाघाटी करणारा हे सारे वाचून आलेला असतो.

पण म्हणून गप्प बसणे हा उपाय नव्हे.  ब्रिटनशी व्यापार कराराच्या जोडीने दुहेरी वर्गणीचा समझोता ठरलाच आहे. त्याला जोडूनच दोन गोष्टी मागता येतील: दोन्ही देशांतली वर्षे जोडून दहा वर्षांची अट पुरी झाल्याचे मानावे, आणि भारतातल्या पेन्शनरांना अमेरिकेतल्यांइतकीच वार्षिक वाढ द्यावी. फिलिपिन्सला जे मिळते ते भारताला का नाही, हा प्रश्न महाराष्ट्र आणि गोव्याच्या खासदारांनी संसदेत परराष्ट्रमंत्र्यांना विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

ज्यांनी पूर्वी ब्रिटनमध्ये नोकरी केली आहे त्यांनी मात्र दोन्ही सरकारांची वाट पाहू नये. दोन अक्षरे, सहा अंक आणि पुन्हा एक अक्षर असा नॅशनल इन्शुरन्सचा क्रमांक जुन्या पगारपत्रकांवर सापडेल. बायकांची कागदपत्रे माहेरच्या नावाने असतील तर विवाह नोंदणीचा दाखलाही काढून ठेवावा. आपली किती वर्षे जमा आहेत हे लेखी विचारून घ्यावे आणि मागची रिकामी वर्षे आजच्या नियमांनी भरता येतात का, हे लगेच तपासावे. पेन्शन सुरू झाल्यावर हयातीचा दाखला मागणारे पत्र येते. ते वेळेत परत गेले नाही तर पैसे थांबतात. आणि हे पेन्शन वय झाले म्हणून आपोआप कधीच सुरू होत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि उशीर झाला तर मागची थकबाकी फार तर बारा महिन्यांचीच मिळते.