नदी कुठल्या महिन्यातली?

डोंगरातली नदी, दोन्ही काठांवर वसंताची कोवळी हिरवळ आणि मधून दुधासारखं वाहणारं पाणी. हा फोटो तुम्ही पाहिलाय. निम्म्या ऑफिसातल्या डेस्कटॉपवर तोच असतो. पण बॉस, तो वसंत युरोपातला! तिथे थंडी सरली की बर्फ वितळतं आणि नद्या भरतात. आपल्या दख्खनच्या नद्यांचा भरवसा फक्त पावसावर. त्यामुळे आपला 'तो' वसंत येतो श्रावण-भाद्रपदात.

आणि तो जालन्यातही येतो. उंचावल्या ना भुवया? जालना म्हणजे स्टील, मोसंबी, बियाणं आणि दुष्काळ, एवढंच आपल्याला माहीत. पण जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन आणि जाफराबादच्या बाजूला, अजिंठ्याचे डोंगर उतरत येतात. याच डोंगररांगेवर पावसाची वाटणी होते. उत्तर उतारावरचं पाणी वाघूर घेते आणि तापीमार्गे अरबी समुद्राला देते. दक्षिणेकडचं पाणी पूर्णेतून गोदावरीत आणि थेट बंगालच्या उपसागरात. पूर्णेला जाफराबादजवळ मिळणारी केळणा भोकरदनवरून येते. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या लेखांत इथल्या दानशूरांची नोंद आहे.

आता कॅमेऱ्याचं. जुलैत घाई करू नका, पाणी गढूळ असतं. काळ्या मातीचा चहा झालेला असतो नुसता. पावसाचा जोर ओसरला, गाळ खाली बसला की जा. ढगाळ सकाळ सगळ्यात बेस्ट. ऊन कडक असेल तर ओल्या पानांवर पांढरी चमक येते आणि हिरवा रंग मरतो; पोलरायझर फिल्टर ती चमक कापतो. पाणी रेशमी हवं असेल तर ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० ठेवा, शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास. मोबाइल असेल तर तो दगडावर टेकवून लाँग एक्स्पोजर मोड वापरा. आणि वर डोंगरात आभाळ काळं झालं असेल तर पात्रातून आधी बाहेर या. फोटो नंतर.

असे फोटो काढले की विकायचे असतात. आमचा फ्रीलान्सरांचा धंदाच तो. एका संपादकांना केळणेकाठचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "सुंदर! पण जालन्याचं काही भेगाळलेलं आहे का?" २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या तडकलेल्या जमिनीचे फोटो सगळीकडे गेले. ते खरेच होते. पण तेव्हापासून जालन्याचा जणू तोच एक पासपोर्ट फोटो झालाय.

मी वैतागले होते. मग काठावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या मामांचं बोलणं आठवलं. गुरं पाण्यावर आणलेली, माझा ट्रायपॉड बघून म्हणाले, "ताई, आत्ताच फोटू काढू राहिल्या का? चैतात या. तवा सांगा नदी कुठंय ती."

मी गेले. चैत्रात तीच जागा, तोच खडक. पाणी एका डोहापुरतं उरलेलं, बाकी नुसते गोटे. पण काठावरच्या करंजाला पोपटी पालवी फुटलेली, पिंपळ तांबूस झळकत होता. वसंत होता, नदी नव्हती. सहा महिन्यांपूर्वी हिरवळ होती, पाणी होतं, वसंत नव्हता.

म्हणून आता मी दोन्ही फोटो जोडीनेच पाठवते. एकच जागा, एकच फ्रेम, दोन महिने. सुटा फोटो मागितला तर कॅप्शनमध्ये गावाच्या आधी महिना लिहिते. भेगांचा फोटो बघून लोक कीव करतात, हिरवा बघून "वॉव" म्हणतात. दोन्ही शेजारी ठेवले की पहिला प्रश्न येतो, "मधलं पाणी गेलं कुठे?"

तुम्हीही येत्या पावसाळ्यात तुमच्या गावची नदी टिपा. आणि मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा: गुढीपाडवा, तीच जागा.