प्रत माहितीसाठी सविनय सादर

हल्ली जो तो ईमेलची तुंबलेली पेटी कशी आवरावी याचे धडे देत सुटला आहे. फोल्डर करा, झेंडे लावा, पेटी रिकामी करूनच झोपा! या शहाणपणाला माझा सक्त विरोध आहे. नळ दुसऱ्याने सोडून ठेवायचा आणि फरशी आम्ही पुसायची, हा कुठला न्याय?

कर्जतजवळ कोंडाण्याला लेणी आहेत. तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला एका ओळीचा मजकूर आहे : कान्हाचा शिष्य बलक याने हे घडवले. संपले! खाली ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ नाही. कारण उघड आहे. छिन्नीने लिहायचे म्हणजे मनगट दुखते. माणूस कामापुरतेच लिहितो. पोस्टकार्डालाही निदान पैसे पडतात. ईमेलला काय, एक बटण! 1978 साली अमेरिकेत एका संगणक-विक्रेत्याने एकच जाहिरात सुमारे 400 जणांना एका फटक्यात धाडली. तेव्हापासून ही साथ आहे.

आमच्या बँकेत पंखा दुरुस्त झाल्याचे सत्तर जणांना कळवतात. त्यावर चाळीस जण ‘धन्यवाद’ म्हणतात, तेही सत्तरांनाच. त्या ढिगाखाली कुणा आजींच्या अडकलेल्या पेन्शनची तक्रार गुदमरत पडते. आणि शिस्तीचे व्याख्यान कुणाला? वाचणाऱ्याला!

अहो, शिस्त धाडणाऱ्याला लावा. जादा प्रतीमागे आठ आणे पगारातून कापा. तरीही कुणाची हौस फिटली नाही, तर त्याला छिन्नी देऊन कोंडाण्याच्या कातळापुढे बसवा. ‘धन्यवाद’मधल्या ‘ध’लाच साहेबांना कळेल की, सत्तर प्रतींची काही गरज नव्हती!