पिस्तूल आणि अब्रू



विनोदी चित्रपट पाहताना मनसोक्त हसावे, आणि घरी परतताना आपण कशाला हसलो याचा थोडा विचारही करावा, अशी आमची सवय आहे. मारिओ मोनिचेल्ली या इटालियन दिग्दर्शकाचा १९६८ सालचा 'पिस्तूलवाली मुलगी' हा चित्रपट असा विचार करावयास लावतो.

सिसिली बेटावरील असुंता या तरुणीला व्हिंचेन्झो नावाचा पुरुष पळवून नेतो. त्याला हवी असते दुसरीच. चुकून हाती लागते ही! एका रात्रीनंतर तो तिला टाकून इंग्लंडात पसार होतो. आता गावच्या रीतीप्रमाणे अब्रू कोणाची गेली? पळवणाऱ्याची नव्हे, पळवलेलीची! ती परत मिळावी म्हणून काळ्या पोशाखातील, लांब वेणीची असुंता पिस्तूल घेऊन त्याच्या मागावर निघते. परदेशात हिंडता हिंडता तिचे मन पालटते. शेवटी व्हिंचेन्झोच तिच्यामागे लागतो, आणि ती त्याला तसेच टाकून निघून जाते. मोनिका वित्ती यांनी ही भूमिका फार सुरेख वठवली आहे.

तथापि आमची एक तक्रार आहे. असुंता स्वतंत्र झाली, हे दाखवण्यास नवे कपडे आणि एका पुरुष डॉक्टरचा उपदेश लागतो. शिवाय तिचा सूड म्हणजे त्याच्याच वागण्याची नक्कल.

खरी असुंता पडद्याबाहेर होती. सिसिलीतील आल्कामो गावच्या फ्रांका व्हिओला या सतरा वर्षांच्या शेतकरीकन्येला डिसेंबर १९६५ मध्ये पळवून नेऊन तिच्यावर अत्याचार झाला. इटलीच्या दंडसंहितेच्या कलम ५४४ नुसार गुन्हेगाराने त्या मुलीशी लग्न केले की गुन्हा पुसला जाई. फ्रांकाने लग्नास साफ नकार दिला. धमक्या आल्या, तरी तिचे वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. १९६६ साली न्यायालयाने अपराध्यास अकरा वर्षांची शिक्षा ठोठावली. हाती पिस्तूल नव्हते. होता तो केवळ एक 'नाही'. ते कलम मात्र १९८१ साली रद्द झाले.

येथे आम्हां धर्मगुरूंनाही मान खाली घालावी लागते. पळवून नेलेली स्त्री पळवणाऱ्याच्या ताब्यात असेतोवर त्यांचा विवाह होऊच शकत नाही, असे ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ सालीच ठरवले होते. वधूवरांच्या मुक्त संमतीवाचून विवाहसंस्कार नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण. तरीही त्या कॅथॉलिक बेटावर चारशे वर्षे रूढीच वरचढ ठरली. १९६८ साली फ्रांकाचा तिच्या पसंतीच्या तरुणाशी विवाह झाला, तेव्हा परमगुरुस्वामी सहावे पौल यांनी त्या दांपत्यास भेट दिली, हे स्मरून मनास समाधान वाटते.

मातापित्यांनो, 'झाले ते झाले, आता लग्न लावून झाकून टाका,' हा सल्ला आपल्या अंगणातही ऐकू येतो. अशा वेळी मुलीला विचारा, आणि तिचे उत्तर ऐका. ती 'नाही' म्हणाली, तर फ्रांकाच्या वडिलांप्रमाणे तिच्या शेजारी उभे राहा. अब्रू जाते ती अपराध करणाऱ्याची. मुलीची अब्रू कोणी नेऊच शकत नाही.